एक पाण्याखाली, एक काठावर: अंदमानची डायव्हिंग सहल दोघांसाठी कशी आखायची

दर हिवाळ्यात ओळखीतलं कुणीतरी अंदमानचं पॅकेज मोबाइलवर पाठवतं आणि विचारतं, "यात दोन-तीन डाइव्ह बसतील का? हिला पाण्याची भीती वाटते, पण ती बसेल बोटीवर." पॅकेजात पहिले दोन दिवस पोर्ट ब्लेअर, मग हॅवलॉकला एक रात्र, नीलला एक रात्र, आणि परत आल्यावर लगेच विमान. यात दोन चुका आहेत. मुक्कामांचा क्रम उलटा आहे, आणि "ती बसेल बोटीवर" हे तिला कुणी विचारलेलं नाही.

आमच्या घरी डायव्हर मी आहे. नवरा गुडघाभर पाण्यापलीकडे जात नाही. पहिल्या खेपेला मीही त्याला बोटीवरच बसवलं होतं. नांगर टाकून डुलणाऱ्या बोटीवर तो उलट्या करत होता आणि मी खाली कासव बघत होते. पुढचे दोन दिवस जेवताना कासवाचं नाव काढायची माझी हिंमत झाली नाही. खालची पद्धत त्यानंतरच्या सहलींत ठोकून-ठोकून बसवलेली आहे.

नावांबद्दल आधीच एक सूचना. हॅवलॉक आता स्वराज द्वीप आहे आणि नील शहीद द्वीप. ही नावं २०१८च्या डिसेंबरात बदलली. पोर्ट ब्लेअर २०२४च्या सप्टेंबरपासून श्री विजयपुरम आहे. लोकांच्या तोंडी अजून जुनी नावं आहेत, तिकिटांवर मात्र दोन्ही दिसतात. फेरीचं बुकिंग करताना गोंधळू नका. मी इथे बोलण्यातली नावंच वापरते.

१. तिकिटाआधी दोन याद्या

दोघांनी वेगवेगळं बसून तीन-तीन गोष्टी लिहायच्या: परत आल्यावर काय राहून गेल्याचं वाईट वाटेल? एकमेकांच्या कागदात डोकवायचं नाही. डायव्हरने आपल्या कागदावर डाइव्हचा आकडा लिहायचा. "जमतील तेवढ्या" असं लिहिलंत तर तिथे गेल्यावर रोज संध्याकाळी वाटाघाटी कराव्या लागतात, आणि त्यात न डायव्हणारं माणूस नेहमी हरतं, कारण त्याला नकार देताना वाईट वाटतं.

हिशेब साधा आहे. हॅवलॉकला दोन डाइव्हची फेरी पहाटे निघते आणि जेवायच्या सुमारास परतते. म्हणजे एक डाइव्हचा दिवस म्हणजे दोघांची एक अख्खी सकाळ. सात रात्रींच्या सहलीत अशा तीन सकाळी घ्या. चौथी हवी असेल तर ती समोरच्याने आपणहून देऊ केलेली असावी.

२. डायव्हरने आपली पात्रता नीट तपासायची

मालवणला किंवा तारकर्लीला पंधरा मिनिटं पाण्याखाली जाऊन आलात, फोटो आला, म्हणजे तुम्ही डायव्हर झालात असं नाही. ती ओळख-डाइव्ह असते. त्यात इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून असतो, सगळी यंत्रं तोच सांभाळतो, आणि हातात प्रशिक्षणाचं कुठलंही कार्ड पडत नाही. हॅवलॉकला जाऊन "मी आधी केलंय, मला चांगल्या साइटवर न्या" असं सांगणाऱ्या मराठी मंडळींना परत त्याच उथळ पाण्यात उतरवतात, आणि ते योग्यच आहे.

कार्ड असेल तर खोलीची मर्यादा बघा. ओपन वॉटर डायव्हरला, म्हणजे पहिला कोर्स केलेल्याला, १८ मीटर, अ‍ॅडव्हान्स्डला ३० मीटर. डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज ही हॅवलॉकची नावाजलेली ठिकाणं लांब आहेत आणि बरीच खोल आहेत. लाइटहाउस किंवा अ‍ॅक्वेरियम ही ठिकाणं तुलनेने उथळ, नवख्याला झेपणारी. शेवटची डाइव्ह होऊन वर्ष उलटलं असेल तर पहिल्या दिवशी रिफ्रेशर, म्हणजे उजळणी, घ्या. तो किनाऱ्यालगत होतो, अर्ध्या दिवसात संपतो, आणि विमान-फेरीच्या दगदगीनंतर तेवढंच पुरे असतं.

कोर्सच करायचा असेल तर पूर्ण कोर्स सहलीत कोंबू नका. तीन-चार दिवस जातात आणि रात्री पुस्तक घेऊन बसावं लागतं. थिअरी आणि पोहण्याच्या तलावातले धडे मुंबई-पुण्यात आधी उरका, तेवढा भाग झाल्याचे रेफरलचे कागद तिथून घ्या, आणि समुद्रातल्या चार डाइव्ह तेवढ्या हॅवलॉकला करा. म्हणजे कोर्सच्या दोन सकाळी झाल्या.

तपासा: कार्ड, लॉगबुक (डाइव्हची नोंदवही) आणि विमा. साध्या प्रवास विम्यात स्कूबा बऱ्याचदा वगळलेलं असतं. पॉलिसीतल्या वगळलेल्या गोष्टींची यादी स्वतः वाचा, एजंटच्या "हो हो, कव्हर आहे" वर जाऊ नका. दाबाच्या आजारावर (डाइव्हनंतर शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होणं) उपचार करणारा रिकम्प्रेशन चेंबर हॅवलॉकवर नाही. त्यासाठी समुद्र ओलांडून पोर्ट ब्लेअर गाठावं लागतं.

३. महिना बघा, मग तिथी बघा

मे महिन्याच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्य मोसमी पाऊस. नोव्हेंबर-डिसेंबरातही पाऊस आणि वादळं येतात. दिवाळीची सुट्टी धरून जाणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंतचा काळ दोघांसाठीही सगळ्यात भरवशाचा. पाणी २७ ते ३० अंश असतं, पातळ वेटसूट पुरतो.

तिथीचा विचार फारसं कुणी करत नाही, पण कोकणात घर असलेल्यांना तो पटकन कळेल. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते, म्हणजे पाण्याखाली ओढही जास्त. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाणी त्या मानाने शांत. खोल साइट भांगाच्या दिवसांत ठेवाव्यात. दुसरीकडे, रात्री पाण्यात निळसर चमक दिसते ती बघायला कायाकमधून नेतात, तिला काळोखी रात्र लागते. नीलवरच्या खडकाच्या कमानीपाशी जायला ओहोटी हवी. याद्यांमध्ये चमक आणि खोल डाइव्ह दोन्ही असतील तर अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी पोहोचा: चमक पहिल्या रात्रींत, मोठ्या डाइव्ह पुढे भांगाकडे सरकताना.

४. मुक्काम मागून पुढे मांडायचे

कागदावर आधी परतीचं विमान लिहा आणि तिथून उलट मोजत या. डायव्हिंगनंतर रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. तो निघून जायच्या आत विमानाच्या कमी दाबात गेलात तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एकच साधी डाइव्ह असेल तर किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस असतील तर किमान १८ तास, डीकम्प्रेशनचे थांबे (नायट्रोजन निघावा म्हणून वर येताना मध्येच थांबणं) घ्यावे लागलेल्या डाइव्हनंतर त्याहून बराच जास्त वेळ. घोळ नको म्हणून सरसकट २४ तास धरा.

त्यात फेरीचा भरवसा नसतो. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात आणि तेव्हा ओळख-पाळख काही चालत नाही. म्हणून विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच. या दोन अटी मांडल्या की क्रम आपोआप ठरतो: डायव्हिंग आधी, सेल्युलर जेल शेवटी.

मी बसवलेला क्रम असा.

पहिला दिवस: सकाळी लवकर उतरणारं विमान मिळालं तर दुपारच्या फेरीने त्याच दिवशी हॅवलॉक. मध्ये चार तास तरी हवेत. दुपारी उतरणार असाल तर ओढाताण न करता रात्र पोर्ट ब्लेअरला काढा आणि पुढचं सगळं एक दिवस सरकवा.
दुसरा: डायव्हरचा रिफ्रेशर, दुपार दोघांची.
तिसरा: दोन डाइव्ह.
चौथा: कोरडा दिवस. डायव्हर पाण्याखाली जाणार नाही.
पाचवा: दोन डाइव्ह, शेवटच्या.
सहावा: फेरीने नील, तासाभराचा प्रवास. सायकली भाड्याने घ्या, बेट लहान आहे.
सातवा: नीलहून पोर्ट ब्लेअर, दुपारी सेल्युलर जेल.
आठवा: विमान.

सावरकर १९११ ते १९२१ जिथे होते ती कोठडी बघायची म्हणून आपल्याकडचे बरेच जण अंदमानला जातात, आणि म्हणून जेल पहिल्या दिवशी ठेवतात. शेवटी ठेवलं तर काही बिघडत नाही. उलट घाई नसते. बंद असण्याचा वार आणि ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची भाषा तेवढी आधी पाहून ठेवा.

थांबा: चौथा कोरडा दिवस कापून तिथे आणखी दोन डाइव्ह घालायचा मोह होतोच. पण थकवा, कान, सर्दी यांतलं काहीतरी तिसऱ्या दिवशी हमखास डोकं वर काढतं. सर्दी झालेली असताना पाण्यात उतरायचं नाही. औषधाने नाक मोकळं करून उतरलात आणि खाली असताना त्याचा असर उतरला तर वर येताना कानात किंवा सायनसमध्ये हवा अडकते. कोरडा दिवस असेल तर डाइव्ह पुढे ढकलायला जागा राहते.

५. हॉटेल आधी ठरवू नका, सेंटर आधी ठरवा

मग त्याच्या जवळचं हॉटेल घ्या, पण त्यात एक अट घाला: काठावर राहणाऱ्याला तिथून पायी कुठेतरी जाता आलं पाहिजे. हॅवलॉकचा पूर्व किनारा, गोविंदनगर ते विजयनगर, म्हणजे तीन नंबर ते पाच नंबर बीच, यासाठी बरा. डाइव्ह सेंटर, खाणावळी आणि दुकानं त्याच पट्ट्यात आहेत. राधानगर, म्हणजे सात नंबर, बेटाच्या पश्चिमेला, जेट्टीपासून सुमारे १२ किलोमीटरवर. तिथलं एखादं देखणं रिसॉर्ट घेतलंत तर रोज पहाटे अंधारात गाडी शोधावी लागेल.

सेंटरला लेखी विचारायच्या गोष्टी: एका गाइडबरोबर किती जण? बोटीवर ऑक्सिजन किट आहे का? सर्दी किंवा हवामानामुळे डाइव्ह चुकली तर पैशांचं काय? भाड्याच्या सामानात डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं यंत्र) आहे का? ऑक्सिजनच्या प्रश्नाला जिथे हसण्यावारी नेतात, तिथे जाऊ नका.

बोटीवर न डायव्हणाऱ्याला नेतात का, हेही विचारा, पण "हो" ऐकून थांबू नका. बोट कुठली? इथल्या लाकडी डोंगीवर सावली जेमतेम असते. साइट किती लांब? संडास आहे का? बायका हा प्रश्न विचारायला लाजतात आणि मग पहाटेपासून पाणी पीत नाहीत. जवळची साइट, सावलीची बोट आणि उतरून स्नॉर्केलिंग करण्याची तयारी, या तिन्ही गोष्टी असतील तरच न्या. आणि एकदाच न्या.

६. काठावरच्याची सकाळ

सगळ्यात जास्त विचार इथे लागतो आणि सगळ्यात कमी होतो तोही इथेच.

घड्याळापासून सुरुवात करा. अंदमान आपल्या बरंच पूर्वेला आहे, पण वेळ तीच. मार्चमध्ये तिथे पहाटे साडेपाचला उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचलाच सूर्य मावळतो. मुंबईच्या सवयीने "चार वाजता चहा घेऊन निघू, सूर्यास्त गाठू" म्हणालात तर राधानगरला पोहोचेपर्यंत खेळ आटोपत आलेला असतो. दोघांची एकत्र वेळ म्हणजे जेवणानंतरचे चार तास, बस्स. काठावरच्या माणसाला मात्र सहा ते बारा असे सहा तास एकट्याने काढायचे असतात, त्यातही दहानंतर ऊन चटके देतं.

म्हणून त्या सहा तासांचे दोन भाग करा. उजाडल्यापासून नऊपर्यंत बाहेर: काळापत्थर बीचच्या रस्त्याने सायकल, खाडीतून कांदळवनात कायाक, किंवा चालत बाजार. नऊनंतर सावली, नाश्ता, पुस्तक. इथे नेटवर्क पूर्वीपेक्षा बरं आहे. चेन्नईहून येणारी समुद्राखालची केबल २०२० साली सुरू झाली. तरी ऐनवेळी रेंज जाते, म्हणून वेब सिरीज बघून वेळ काढायचा विचार असेल तर ती घरूनच उतरवून घ्या. थोडी रोख रक्कम त्याच्या खिशात वेगळी असू द्या. सगळे पैसे डायव्हरच्या पाकिटात आणि डायव्हर समुद्राखाली, हे आमच्याकडे घडलेलं आहे.

स्कूटर भाड्याने घ्यायची तर मूळ लायसन्स काठावरच्याकडेही हवं.

एक काम मात्र करू नका: दोघांनी मिळून बघायची ठिकाणं त्याच्या एकट्याच्या सकाळीत ढकलू नका. "तू राधानगर बघून ये, मी येते तोवर" हे ऐकायला सोयीचं वाटतं. मग दुपारी तुम्हाला तिथेच जायचं असतं आणि तो म्हणतो, पाहिलं की.

चौथा, कोरडा दिवस त्याच्या यादीवरून घ्या. पाण्यात पाय भिजवायची तयारी असेल तर एलिफंट बीच चांगला. जेट्टीवरून बोटीने जाता येतं, जंगलातून चालतही जाता येतं. तिथे लाइफ जॅकेट घालून, रिंग धरून, गाइडच्या मागे तरंगत प्रवाळ बघता येतं. पोहता येण्याची गरज नाही. समुद्र खराब असला तर बोटी बंद असतात, म्हणून हा बेत एका दिवसाला बांधून ठेवू नका.

तपासा: सी वॉक, म्हणजे समुद्रतळावर चालणं, हा "घाबरणाऱ्यांसाठीचा प्रकार" म्हणून विकतात. डोक्यावर हेल्मेट आणि नाक कोरडं असलं तरी पाण्याचा दाब तोच, कानही तसेच दुखतात. ज्याला कानाच्या त्रासामुळे डायव्हिंग नको आहे त्याला सी वॉकही नको. काचेच्या तळाची बोट चालेल.

तपासा: अंदमानच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. राधानगरच्या टोकाच्या खाडीजवळ २०१० साली एका परदेशी पर्यटक स्त्रीचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला. सूचनाफलक असेल तिथे पाण्यात जायचं नाही, सकाळच्या वेळी एकट्याने तर मुळीच नाही. जिथे जीवरक्षक आहेत आणि जाळी लावली आहे तिथेच उतरा.

७. "तूही एकदा करून बघ ना"

हे वाक्य सहलीत जास्तीत जास्त एकदा म्हणावं, आणि तेही निघण्यापूर्वी घरी. बोटीवर, सूट घालून उभं असताना म्हटलेलं असेल तर ते निमंत्रण राहत नाही. समोरचा घाबरतो, नाही म्हणत नाही, खाली जाऊन श्वास जोरजोरात घेतो आणि वर धाव घेतो. धोका तिथे आहे.

त्याला मनापासून करायचं असेल तर क्रम हा:

आधी आरोग्याचा फॉर्म. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, मधुमेह, चालू गोळ्या, यांपैकी कशालाही "हो" असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांचं पत्र घ्यायचं. बेटावर गेल्यावर फॉर्म हातात आला की लोक "बीपीची गोळी काय सांगायची" म्हणून सगळीकडे "नाही" लिहितात. गरोदरपणात डायव्हिंग नाहीच.

मग उथळ पाण्यात सराव. तीन गोष्टी जमेपर्यंत पुढे जायचं नाही: श्वास न रोखता सतत घेत राहणं, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकून कान मोकळे करणं, आणि खुणा. यात सगळे एकाच जागी चुकतात. खुशीत अंगठा वर केला की इन्स्ट्रक्टर तुम्हाला वर घेऊन जातो, कारण पाण्याखाली त्याचा अर्थ "वर चला" असा आहे. ठीक असल्याची खूण म्हणजे अंगठा आणि तर्जनीचा गोल.

अशा डाइव्हची मर्यादा १२ मीटर आहे. बहुतेक वेळा त्याहून कमीतच होते. डायव्हरने त्यात मास्तरकी करायची नाही. इन्स्ट्रक्टर ज्याचा आहे त्याच्याशीच त्याला बोलू द्या. जवळ राहून हात धरायला जाऊ नका, फोटो तर काढूच नका.

८. डाइव्हच्या दिवशी

आदल्या रात्री दारू नाही. सकाळी हलका नाश्ता, भरपूर पाणी. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी तासभर घ्यावी लागते. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी बाहेरच येते. पण आपल्याकडे घरोघरी असणाऱ्या अ‍ॅव्होमिनने गुंगी येते. फेरीत बसणाऱ्याने खुशाल घ्यावी. डायव्हरने कुठली गोळी चालेल हे घरूनच डॉक्टरांना विचारून ठेवावं आणि एकदा घेऊन बघावी.

काठावरच्या हातात एक कागद द्या: सेंटरचा फोन, साइटचं नाव, परतायची वेळ, विमा क्रमांक, रक्तगट. परतायची वेळ सांगताना तासभर पुढची सांगा. साडेअकरा म्हणालात आणि एकला आलात, तर मधला दीड तास त्याने जेट्टीवर कसा काढला असेल याची कल्पना पाण्याखाली येत नाही.

त्याच कागदावर खाली लिहा: सांधेदुखी, हातापायांना मुंग्या, अंगावर चट्टे, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळाच थकवा. डाइव्हनंतर काही तासांत यातलं काही दिसलं तर लगेच सेंटरला फोन, आणि शुद्ध ऑक्सिजन. हे जोडीदाराला माहीत असायला हवं, कारण डायव्हर स्वतः कबूल करत नाही. "टाकी उचलली ना, म्हणून खांदा दुखतोय" असं मी स्वतः म्हटलेलं आहे. तेव्हा खरोखर टाकीच होती, पण फोन नवऱ्याने केला ते बरोबरच केलं.

त्या दिवशी जोरकस मालिश नको. नंतर दुखलं तर कशाने दुखतंय ते कळत नाही.

९. शेवटचे २४ तास

जोडीदाराने ओळख-डाइव्ह केली असेल तर विमानाचे तास त्यालाही लागू होतात. "राहिलंय तर शेवटच्या सकाळी उरकून टाकू" असं पॅकेजवाले सुचवतात; नको म्हणा. तरंगत केलेलं स्नॉर्केलिंग चालतं.

जाता जाता, हाच नियम मालवणहून परतणाऱ्या कार्डधारकांनाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. उंचीचा विचार साधारण ६०० मीटरच्या पुढे करावा लागतो आणि आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. सकाळी दोन खोल डाइव्ह करून दुपारी घाट चढायला घेऊ नका, रात्र खालीच काढा.

सामान भरताना ओलं सामान वेगळं, डाइव्ह कॉम्प्युटर हातातल्या बॅगेत. मग काठावरच्याची बॅग बघा. त्याने सहा-सात सकाळी किनाऱ्यावर काढलेल्या असतात आणि खिशात प्रवाळाचे तुकडे, शंख असं काहीतरी सापडतंच. ते बेटांवरून उचलून न्यायला बंदी आहे. प्रवाळ आणि कित्येक शंखांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅगा त्यासाठी उघडायला लावतात. दुकानातून घेतलं असेल तर बिल हाताशी ठेवा. किनाऱ्यावरून उचललेलं असेल तर आदल्या संध्याकाळीच परत पाण्याकाठी ठेवून या.